मंदीत अर्थमंत्र्यांचं संसदेतलं भाषण कसं ऐकायचं, वहीत काय लिहायचं आणि नंतर काय करायचं

२७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री माझा चुलतभाऊ वाळूजच्या एमआयडीसीतनं गावाकडं आलेला होता. तो तिकडं मोठ्या कंपन्यांना गाड्यांचे पार्ट पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत ठेक्यावर होता, दिवाळीच्या आधीपासून आठवड्यात चारच दिवस काम मिळायचं, बाकीचे दिवस रूमवर बसून. घरी पण काही बरं नव्हतं, परतीच्या पावसानं सोयाबीनच्या गंजीला मोड आले होते, ताडपत्रीखालचं थोडंफार वाचलं तेवढंच, बाकीचं हातात घेऊन चुरगाळलं की आंबूस वास यायचा. आणि त्याच रात्री मोबाईलवर बातमी आली की देशात मंदी नाही, येणारही नाही, अर्थमंत्र्यांचं राज्यसभेत उत्तर. भाऊ काही बोलला नाही, मोबाईल पालथा करून खाटेवर ठेवला आणि उठून बाहेर गेला.

मला पण लई राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी मी ते भाषण हेडलाइनपुरतं न बघता पूर्ण ऐकलं, आणि तेव्हा कळलं की राग कुठं धरायचा आणि कुठं नाही हे सुद्धा शिकावं लागतं. माझी अंबाजोगाईत छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससीची पोरं बसतात, तेव्हापासून असं भाषण आलं की आम्ही वही घेऊन ऐकतो. ते कसं ऐकतो तेच इथं सांगायलोय, तुम्ही परीक्षा देत असा नाहीतर नसा, शेती करत असा नाहीतर दुकान चालवत असा, हे जमण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी शब्द धरायचा. आपल्याकडं मंदी हा एकच शब्द आहे आणि तो सगळीकडं चालतो. मोंढ्यात भाव पडला की मंदी, दुकानात गिऱ्हाईक नाही मंदी, कंपनीत शिफ्ट कमी झाली मंदी. मंत्री सभागृहात इंग्रजीत बोलतात तेव्हा त्यांच्याकडं दोन शब्द असतात, स्लोडाउन आणि रिसेशन. जायकवाडीचं उदाहरण घ्या, धरणात पाणी येतंय, साठा वाढतोय, पण आवक पहिल्यासारखी जोरात नाही, हे झालं स्लोडाउन. आणि साठाच खाली उतरायला लागला तर ते रिसेशन, आणि तेही सलग दोन तिमाह्या देशाचा जीडीपी, म्हणजे देशात तयार झालेल्या माल-सेवांची एकूण किंमत, घटला तरच तसं म्हणायची पद्धत आहे. निर्मला सीतारामन त्या दिवशी जे बोलल्या त्याचा अर्थ असा होता की वाढीचा वेग कमी झाला असेल, पण हे रिसेशन नाही आणि कधी होणारही नाही. व्याख्येनुसार पहिला अर्धा भाग बरोबर होता, जीडीपी वाढतच होता. मराठीत येताना दोन्ही शब्दांचं मंदी झालं आणि माझ्या भावाला ते असं ऐकू आलं की तुझं काम गेलंच नाही. म्हणून नियम एकच, मंत्र्यांनी कोणता शब्द वापरला तो जसाच्या तसा लिहून ठेवायचा, बातमीतला भाषांतर केलेला नाही.

वाक्याचा दुसरा अर्धा भाग, कधी होणारही नाही हा, मात्र वहीत वेगळ्या रंगाच्या पेननं लिहा. जे झालंय त्याबद्दल बोलणं वेगळं आणि जे व्हायचंय त्याची खात्री देणं वेगळं. पुढच्याच वर्षी कोरोना आला, एप्रिल ते जून २०२० ला जीडीपी २३.९ टक्के घटल्याचा आकडा आला आणि जुलै ते सप्टेंबरला ७.५ टक्के, म्हणजे व्याख्येतली मंदी आलीच. कोरोना येणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्याचा दोष मी कुणाला देत नाही, पण कधीच नाही हा शब्द अर्थव्यवस्थेबद्दल कुणीच वापरू नये एवढं माझं ठाम मत झालंय.

आता दुसरं काम, आकडा कोणत्या काळाचा आहे ते बघायचं. मंदीच्या काळात मंत्री बचाव करतात तेव्हा सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार हेच असतं. त्याच भाषणात सांगितलं गेलं की २००९ ते २०१४ मध्ये वाढीचा दर ६.४ टक्के होता आणि २०१४ ते २०१९ मध्ये ७.५ टक्के. आकडे खोटे नाहीत. पण विरोधक विचारत होते चालू वर्षाचं आणि उत्तर आलं पाच वर्षांच्या सरासरीचं. घरात आज पाणी नाही म्हणून बाई ओरडायलीय आणि तुम्ही सांगताय की मागच्या पाच वर्षांत सरासरी बघितली तर टँकर बऱ्यापैकी येत होता, तसं होतं हे. आणि दोनच दिवसांनी २९ नोव्हेंबरला जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा आकडा आला, ४.५ टक्के. त्याच्या आधीची तिमाही ५ टक्के होती.

हा ४.५ चा आकडा आम्ही पोरांना फोडून दाखवतो कारण खरी गोष्ट त्याच्या पोटात आहे. त्या तिमाहीत कारखानदारी वाढली नव्हती, उलट १ टक्क्यानं घटली होती. शेती २.१ टक्के. आणि सरकारचा स्वतःचा खर्च १५.६ टक्क्यांनी वाढलेला, म्हणजे एकूण आकडा वर धरून ठेवायला सरकारी खर्चाचा मोठा हात होता. प्रवासी गाड्यांची विक्री ऑगस्ट २०१९ मध्ये आदल्या वर्षीपेक्षा ३१.५७ टक्के कमी झालेली, दुचाक्या पण २२ टक्क्यांच्या वर घसरलेल्या, आणि वाळूजच्या कितीतरी शेडमध्ये जे पार्ट बनतात ते याच गाड्यांना लागतात. म्हणजे देशाचा साठा हळू वाढत होता तरी माझ्या भावाची विहीर आटत होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. मंत्र्यांनी सभागृहात बेरीज सांगितली, आपण बेरजेच्या आत आपली ओळ कुठंय ती शोधायची. जीडीपीच्या आकड्यासोबत सरकारची प्रेसनोट निघते, तिच्यात क्षेत्रवार तक्ता असतो, शेती, खाण, कारखाने, बांधकाम, व्यापार असं, एका पानाचं काम आहे, पाचवी-सहावीचं गणित येत असेल तर वाचता येतो.

उलटं पण होतं हे लक्षात ठेवा. २०२० च्या त्या २३.९ टक्के घसरणीच्या तिमाहीत शेती ३.४ टक्के वाढली होती. तेव्हा पुण्या-मुंबईहून पोरं बॅगा घेऊन आमच्या गावांत परत आलेली आणि जमेल त्या वावरात कामाला लागलेली, त्यामुळं शेती वाढली म्हणजे घरटी पैसा वाढला असं धरून चालू नका, तेवढ्याच भाकरीवर दोन ताटं वाढली होती.

तुलनेचा आणखी एक प्रकार म्हणजे खड्ड्यातनं वर आल्याचा आकडा. एप्रिल ते जून २०२१ ला जीडीपी २०.१ टक्के वाढला म्हणून लई गाजावाजा झाला. याला असं तपासा, तुमच्या एकरी १० क्विंटल सोयाबीन निघत होतं, एका वर्षी पार बसलं आणि ७.६ क्विंटल झालं, पुढच्या वर्षी त्यात २० टक्के वाढ झाली म्हणजे ९.१. वीस टक्के वाढ खरीच आहे पण तुम्ही अजून दहावर आलेलाच नाहीत. म्हणून कुठल्याही वाढीच्या टक्क्याशेजारी वहीत विचारायचं, मागच्या वर्षी काय होतं, आणि त्याच्या मागच्या वर्षी काय होतं. दोन वर्षं मागं गेलं की बऱ्याच गोष्टी जागेवर येतात.

वहीचं सांगायचं राहिलंच. चार रकाने पुरतात, आकडा काय, कोणत्या काळाचा, कुणाशी तुलना केली, आणि आकडा कुणी काढलाय. एका भाषणातनं पाच-सहाच आकडे लिहा, जास्त लिहीत बसलात तर ऐकणं सुटतं. क्लिप बघू नका, विरोधकांनी कापलेली पण नको आणि सरकारच्या बाजूच्यांनी कापलेली पण नको, संसद टीव्हीच्या यूट्यूबवर पूर्ण उत्तर असतं, दीडपट स्पीडवर ऐकलं तरी चालतं. आणि संसद डॉट इन या साइटवर सभागृहात बोललेलं शब्दशः लिहिलेलं मिळतं, हिंदीतलं हिंदीत, इंग्रजीतलं इंग्रजीत.

आता प्रसंग कोणता आहे तेही बघावं लागतं कारण त्यावर मंत्र्यांना किती बांधून घेता येतं ते ठरतं. लोकसभेत नियम १९३ खाली आणि राज्यसभेत नियम १७६ खाली अल्पकालीन चर्चा होते, त्यात मतदान नसतं, मंत्री उत्तर देतात आणि विषय संपतो. २०१९ ची चर्चा त्यातलीच, आणि तेव्हा विरोधक उत्तर चालू असतानाच सभात्याग करून बाहेर गेले. मला ते अजिबात पटलं नाही. माझ्या भावाच्या वतीनं उलट प्रश्न विचारायची तीच वेळ होती आणि बाक रिकामे. पुरवणी मागण्यांची चर्चा वेगळी, तिथं सरकार बजेटवर जादा लागणारे पैसे सभागृहाकडं मागतं, मतदान होतं, त्यामुळं तिथं बोललेलं जास्त वजनाचं. आणि प्रश्नोत्तराचा तास तर सोनं आहे, लोकसभेत ११ ते १२, राज्यसभेत १२ ते १, तारांकित प्रश्न असेल आणि त्याची पाळी आली तर मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि सदस्य लगेच उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर.

पुरवणी मागण्यांवरनं पॅकेजचं आठवलं. मे २०२० ला २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, नेमका बेरजेचा आकडा २०,९७,०५३ कोटी. आमच्या गावात पारावर लोक त्याला लोकसंख्येनं भागून आपल्या वाट्याला किती येतील ते काढत होते. त्यात रिझर्व्ह बँकेनं बाजारात सोडलेल्या पैशाचेच ८ लाख कोटींच्या वर होते, छोट्या उद्योगांच्या ३ लाख कोटींच्या कर्जाला सरकारची हमी होती, म्हणजे पैसे बँक देणार, तुम्ही फेडणार, बुडाले तर सरकार भरणार. आडत्यानं उचल दिली आणि आडत्यानं पदरचे दिले यात जो फरक आहे तोच इथं. कर्जाची हमी वाईट नाही, आमच्या ओळखीतल्या एका लेथवाल्याचं वर्कशॉप त्या कर्जावरच तगलं, पण खात्यात पडलेल्या पैशात ते मोजायचं नाही. सरकारच्या तिजोरीतनं जादा किती निघणार हे बघायचं तर सप्टेंबर २०२० च्या पुरवणी मागण्या काढा, एकूण मागणी २.३५ लाख कोटींची आणि त्यातली प्रत्यक्ष रोख सुमारे १.६७ लाख कोटी. त्यातच मनरेगाचे जादा ४० हजार कोटी होते, आणि आमच्याकडं परत आलेल्या पोरांना खरा हात कुणी दिला असेल तर त्या मस्टरनं. मंत्र्यांनी पॅकेज म्हटलं की वहीत तीन ढीग करा, रोख किती, कर्ज किती, हमी किती.

कधी कधी मात्र ऐकायला भाषणच नसतं आणि ते पण लिहून ठेवायचं असतं. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. लेखी उत्तरं तेवढी मिळत होती, आणि १४ सप्टेंबरला लॉकडाउनमध्ये घरी जाताना किती स्थलांतरित कामगार मेले या प्रश्नावर कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, जालन्यातल्या स्टील कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली पोरं होती ती, भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रुळानं चालत निघालेली, त्यांच्या भाकऱ्या रुळावर पडलेल्या आम्ही सगळ्यांनी बघितल्यात. आमच्या मराठवाड्यात लोकांना हा सोळाचा आकडा पाठ आहे. म्हणून आकडेवारी नाही असं उत्तर आलं तर ते कोरं पान समजू नका, तारीख टाकून लिहा. त्या वर्षी हिवाळी अधिवेशन झालंच नाही, २७ नोव्हेंबरला सलग दुसऱ्या तिमाहीच्या घसरणीचा आकडा आला तेव्हा उत्तर द्यायला सभागृहच बसलेलं नव्हतं, जानेवारीच्या शेवटापर्यंत.

चांगला बचाव कसा असतो हे पण सांगतो, नाहीतर वाटेल की मी नुसता चुका काढायलोय. २४ जुलै १९९१ चं डॉ. मनमोहन सिंगांचं बजेटचं भाषण काढून वाचा. तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदावर आपल्या लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते. त्या भाषणात मंत्र्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की परकीय चलनाचा साठा २,५०० कोटींच्या आसपास उरलाय आणि तो जेमतेम पंधरा दिवसांच्या आयातीला पुरेल. आधी घर किती जळालंय ते सांगितलं आणि मग पाणी कुठनं आणायचं ते. त्याच बजेटमध्ये खतांचे भाव सरासरी ४० टक्के वाढवले होते, शेतकऱ्यांच्या बाजूनं सभागृहात आणि स्वतःच्या पक्षातनं पण इतका विरोध झाला की ऑगस्टमध्ये ती वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि छोट्या शेतकऱ्यांना वगळलं. म्हणजे सभागृहात जोर लावला तर धोरण हलतं, हे पुस्तकातलं नाही, झालेलं आहे.

त्याच वर्षी १६ मे ला ब्रिटनचे अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट त्यांच्या संसदेत म्हणाले होते की वाढती बेकारी आणि मंदी ही महागाई खाली आणण्यासाठी मोजलेली किंमत आहे आणि ती मोजण्यासारखी आहे. मंदी आहे हे त्यांनी लपवलं नाही, तेवढा भाग मला आवडतो. पण असं वाक्य कुणाही मंत्र्याच्या तोंडून आलं की लगेच वहीत लिहायचं, किंमत कोण मोजतंय. बोलणाऱ्याची नोकरी जात नव्हती.

भाषण संपलं की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं लोक करतच नाहीत. तिमाही जीडीपीचे आकडे मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या शेवटी येतात, कॅलेंडरवर गोल करून ठेवा आणि आकडा आला की वहीतल्या वाक्याशेजारी लिहा. आणि मंत्र्यांनी बोलता बोलता तपासून बघू, विचाराधीन आहे, माहिती गोळा करून सभागृहापुढं ठेवू असं काही म्हटलं तर ते हवेत सोडू नका, सभागृहात असं दिलेलं वचन आश्वासन म्हणून नोंदलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर नजर ठेवायला दोन्ही सभागृहांत आश्वासन समिती आहे. तीन महिन्यांनी खासदारांना एक ओळ लिहून विचारा की त्याचं काय झालं.

प्रश्न पण तुम्हीच लिहून द्या. मराठवाड्याचे लोकसभेत ८ खासदार आहेत, शिवाय राज्यसभेचे वेगळे. आपल्या भागातले डॉ. भागवत कराड २०२१ ते २०२४ अर्थ राज्यमंत्री होते, कितीतरी लेखी उत्तरं त्यांच्या नावानं गेलेली आहेत, ती साइटवर वाचा म्हणजे उत्तर कसं येतं याचा अंदाज येतो. खासदारांना प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच त्यांच्या ऑफिसला द्या, सुरू झाल्यावर नाही. प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवा. मंदी आहे का असं विचारलंत तर दोन पानं भाषण येईल आणि हातात काही येणार नाही. असं विचारा, छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांत हमीच्या योजनेत किती लघुउद्योगांनी कर्ज घेतलं, त्यातली किती खाती थकीत झाली, वर्षवार द्या. जिल्हा, योजना, वर्ष आणि मोजता येईल अशी गोष्ट, या चार गोष्टी प्रश्नात असल्या की उत्तर देणाऱ्याला टाळायला जागा कमी राहते, आणि टाळलंच तर टाळलेलं दिसतं.

उत्तर इंग्रजी-हिंदीत येतं. आमची पोरं त्याची प्रिंट काढतात, खाली मराठीत चार ओळींत सांगतात काय विचारलं आणि काय मिळालं, आणि ते आम्ही अभ्यासिकेच्या दाराला बाहेरून चिकटवतो. मोंढ्यातनं परत जाताना हमाल, टेम्पोवाले थांबून वाचतात. मागच्या खेपेला एक जण पूर्ण वाचून आत आला, चप्पल दारात काढून, आणि म्हणाला, सर, यात जिल्हा दिलाय, आमचा तालुका कुठंय. पोरांनी पुढच्या प्रश्नात तालुकावार हा शब्द घातलाय.